चिमण्या इंजिनाची गळती

मूर्तिजापूरच्या स्थानकावर शकुंतलेचे वाफेचे इंजिन ज्यांनी पाहिले आहे, त्यांस एक देखावा खचित आठवत असेल. गाडी सुटण्याची शिट्टी होई, आणि इंजिन जागचे हलते न हलते तोच त्याच्या पुढील चाकांजवळून दोन्ही अंगांस वाफेचे फवारे फुत्कारत बाहेर पडत. फलाटावरील मंडळी धोतरे व पदर सावरीत मागे सरत, आणि त्यांतील एखादे शहाणे गृहस्थ म्हणत, "म्हातारे झाले बिचारे! सगळीकडून गळते." हे गळणे नव्हे, हे आम्हांस त्या वेळी ठाऊक नव्हते. उभ्या इंजिनाचे सिलिंडर थंड पडलेले असतात. त्यांत शिरलेली पहिली वाफ थंड धातूस लागून पाणी होते. वाफ दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. ते दट्ट्यापुढे सापडले तर सिलिंडरचे झाकण फुटावयाचे. म्हणून ड्रायव्हर बुडाच्या तोट्या आपण होऊन उघडून ठेवी आणि ते पाणी वाफेसह बाहेर घालवी. थोडे फेरे झाले, सिलिंडर तापले, की तोट्या बंद. ही साधी गोष्ट समजावयास आम्हांस पुढे वीतभर लांबीच्या एका इंजिनाशी सात आठवडे झुंजावे लागले. त्याचीच ही हकीकत.

शकुंतला ही वऱ्हाडची लाडकी गाडी. रूळ अडीच फूट रुंदीचे. मूर्तिजापूर मध्ये धरून एक फाटा ११३ किलोमीटर यवतमाळकडे आणि दुसरा ७६ किलोमीटर अचलपूरकडे. किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थेखाली ही लाइन घातली गेली, ती काही वऱ्हाडकरांस फिरावयास मिळावे म्हणून नव्हे, तर येथला कापूस मोठ्या लाइनीवर, तेथून मुंबईस आणि पुढे मँचेस्टरास जावा म्हणून. तिला ओढणारे इंजिनही १९२१ साली मँचेस्टरासच घडलेले. १९२३ साली ते कामास लागले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्यास रजा मिळून डिझेलचे इंजिन आले. पुढे गाडीच थांबली. वाफेच्या त्या इंजिनामागे बसून ज्यांनी अर्धे आयुष्य घालविले, त्यांत आमचे अण्णा एक. नोकरीच्या पायी कैक वर्षे त्यांचे अचलपूरास जाणेयेणे होते.

गेल्या वैशाखात अमरावतीस आमच्या घरी अण्णांचे सहस्रचंद्रदर्शन व्हावयाचे होते. चैत्राच्या आरंभी अकोल्याकडील आत्याबाईंनी एक लाकडी पेटी पाठविली. आत्याबाईंच्या यजमानांनी तरुणपणी परदेशातून आणलेले वाफेचे खेळण्यातील इंजिन तीत होते: पितळी बॉयलर, दोन डुलते सिलिंडर, पोटाखाली स्पिरिटचा दिवा आणि वर बोटाच्या पेराएवढी सुरक्षा-झडप. बॉयलरात एक फुलपात्र पाणी मावे. पेटी उघडली तेव्हा अण्णा कितीतरी वेळ ते हातात घेऊन बसले, बोलले काहीच नाहीत. ते उठून गेल्यावर आमचा बारा वर्षांचा पुतण्या म्हणाला, "काका, कार्याच्या दिवशी हे अंगणात चालवायचे. अण्णांना सांगायचे नाही हं!" घरातील सारी बाळगोपाळ मंडळी त्यास मिळाली, आणि आम्हीही उत्साहाच्या भरात शब्द देऊन बसलो.

पहिल्याच दिवशी या शब्दाचे वजन कळले. पाणी भरले, दिवा लावला, दहा मिनिटांत पाण्यास कढ आला. दाबाचा काटा चौरस इंचास पाच पौंडांपर्यंत चढला आणि तेथेच बसला. चाके अर्धा फेरा घेऊन थांबली. सर्व बाजूंनी सूं सूं असा आवाज येत होता. परंतु नवल असे की, वाफ कोठेच दिसत नव्हती. आम्ही चष्मा लावून पाहिले, काढून पाहिले. स्पिरिट संपले, आवाज निमाला, इंजिन थंड झाले.

वाफ का दिसेना, याचे उत्तर आमच्या वऱ्हाडच्या हवेत आहे. ज्यास आपण वाफ म्हणतो तो पांढरा ढग म्हणजे वाफ नव्हेच. तो निवालेल्या पाण्याच्या बारीक थेंबांचा पुंजका होय. खरी वाफ हवेसारखी अदृश्य असते. चहाच्या किटलीच्या तोटीकडे नीट पाहिल्यास तोटीचे तोंड व पांढरा ढग यांच्यामध्ये बोटभर रिकामी जागा दिसते. खरी वाफ तेथे असते, आणि पोळते ते तेथेच. अमरावती-अकोल्याची चैत्रातील दुपार म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस अंशांची कोरडी भट्टी. असल्या हवेत बारीक धारेने निघालेली वाफ ढग धरण्यापूर्वीच विरून जाते. श्रावणात हेच इंजिन पेटविले असते तर त्याने आपले प्रत्येक छिद्र आपण होऊन दाखविले असते. उन्हाळ्यात मात्र गळती शोधण्यास युक्ती लागते. आमच्या वहिनींनी ती सुचविली: माठातील पाण्यात बुडवून गार केलेली स्टीलची वाटी पुसून सांडशीने धरावी आणि एकेका सांध्याजवळ न्यावी. जेथे वाफ असेल तेथे वाटीवर दव धरते. या वाटीने एका संध्याकाळी आम्हांस सात ठिकाणे दाखविली. बोटाने चाचपण्याचा मोह कोणी धरू नये. चौरस इंचास वीस पौंडांच्या दाबाखालची वाफ सुमारे १२६ अंशांची असते आणि ती दिसत नाही. तीच गोष्ट स्पिरिटच्या ज्योतीची. दिवसाउजेडी ती पेटलेली आहे की विझलेली, हे पाहून कळत नाही. मुलांचे सैल कपडे दूर ठेवावे हे बरे.

येथे एक शंका कोणी घेईल. मोठ्या इंजिनातूनही थोडीबहुत वाफ निसटतेच. मग ते गाडी ओढते कसे, आणि हे खेळणे चाकही का फिरवीत नाही? गोम आकारात आहे. वस्तू दहा पटीने लहान केली की तिच्या पोटातील जागा हजार पटीने लहान होते. परंतु कारागिराच्या हातून राहिलेली केसाएवढी फट केसाएवढीच राहते. मोठ्या बॉयलरास जी फट जाणवतही नाही, ती फुलपात्रभर पाण्याच्या बॉयलरास भिकेस लावते. शिवाय वाफ फार महाग पडते. एक ग्रॅम पाणी बर्फाइतके थंड असता उकळीपर्यंत तापविण्यास १०० कॅलरी उष्णता पुरते. पण त्या उकळत्या पाण्याची वाफ करावयास आणखी सुमारे ५४० लागतात. छिद्रातून गेलेली वाफ ही सर्व कमाई घेऊन जाते, आणि खाली दिवा तर समईहून थोडासाच मोठा.

आता जे सांगावयाचे ते सांगताना आजही आमचा हात थांबतो. आम्ही मुलांस म्हटले होते, "सगळी गळती बंद करायची आहे." बस्स, इतकेच म्हटले. दुसऱ्या दिवशी दुपारी घर निजले असता पुतण्याने नळजोडणीची घट्ट होणारी लांबी आणली आणि वाटीने दाखविलेल्या सातही ठिकाणी प्रामाणिकपणे लिंपली. त्या सातांत सुरक्षा-झडप होती. सायंकाळी आम्ही पाणी भरावयास गेलो, तेव्हा झडपेच्या जागी राखाडी रंगाची एक गोळी वाळून दगड झालेली दिसली. दिवा अजून लावलेला नव्हता, एवढेच दैव.

ज्या घरात कुकर आहे त्या घरास याचा अर्थ निराळा सांगावयास नको. कुकराची शिट्टी बंद झाली तरी त्याच्या झाकणात वितळणारी गुंडी असते. आमच्या इंजिनास ती दुसरी वाट नव्हती. पाण्याची वाफ झाली म्हणजे मोकळ्या हवेत ते सुमारे १७०० पट जागा मागते. ती न मिळाल्यास दाब वाढत जातो, आणि पातळ पितळेचा सांधा कोठेतरी हार खातो. १९२३ साली, म्हणजे शकुंतलेचे इंजिन कामास लागले त्याच वर्षी, या देशात बॉयलरचा कायदा झाला. त्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. परंतु जुन्या कायद्यानेही पाच गॅलनांहून अधिक पाण्याच्या पात्रासच बॉयलर म्हटले होते. फुलपात्राच्या बॉयलरावर सरकारी निरीक्षक यावयाचा नाही. तेथे निरीक्षक घरचाच, आणि आमच्या घरचा निरीक्षक त्या दुपारी झोपला होता. आम्ही पुतण्यास रागे भरलो नाही. चूक त्याच्या हाताची असली तरी आमच्या वाक्याची होती.

पेटी घेऊन आम्ही अकोल्यास गेलो. तेथे एक वृद्ध मिस्त्री आहेत. एके काळी वऱ्हाडात गावोगावच्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत वाफेची इंजिने चालत; त्यांतल्या एका बॉयलरवर त्यांचे वडील होते, आणि यांनी बालपणी त्यांच्या हाताखाली काम केलेले. त्यांनी इंजिन उलटसुलट करून पाहिले. आम्ही मळसूत्राचे नट अधिक घट्ट करण्याविषयी विचारताच ते म्हणाले, "आवळू नका, भाऊ. आवळल्यानं पितळेचे आटे जातात. आधी ते काय सांगते, ते तं पाहा!" आणि सांध्यांभोवतीच्या पांढऱ्या पुटाकडे त्यांनी बोट दाखविले. आम्ही ती धूळ समजून पुसणार होतो.

तो खार होता. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा वाचकांस ठाऊक असेलच; तेथल्या विहिरींचे पाणी तोंडात धरवत नाही. आत्याबाईंचे गाव त्याच पट्ट्यातले, आणि इंजिन पूर्वी चालले ते घरच्या विहिरीच्या पाण्यावर. पाण्याची वाफ होते, खाराची होत नाही. तो मागे राहतो. जेथे जेथे पाणी पाझरे, तेथे ते वाळून जाई आणि पांढरी खूण ठेवी. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीची गळतीदेखील इंजिनाने लिहून ठेवली होती. मिस्त्रींनी खडूने त्या खुणांस क्रमांक दिले. आमच्या वाटीचे सात, आणि त्यांचे नऊ.

मग पुतण्याची लांबी खरवडून काढली, साधे पाणी भरून मीठ धुतले आणि आतील चुनखडीच्या थरासाठी लिंबूसत्त्वाचे कोमट पाणी दोन वेळा भरून ओतले. हे झाल्यावर गळती थांबण्याऐवजी दुप्पट झाली! आम्ही हवालदिल झालो, मिस्त्री हसले. इतकी वर्षे खारानेच अनेक फटी बुजवून ठेवल्या होत्या. तो गेला, फटी उघड्या पडल्या. त्यांच्या मते हे उत्तम झाले, कारण आता जे दिसते ते खरे. सुरक्षा-झडप काढून तिच्या जागी रबरी नळी बसविली, सांध्यांस रिठ्याचा फेस लावला आणि पुतण्यास तोंडाने हळू फुंकावयास सांगितले. थंड इंजिनावर, दिवा न लावता, प्रत्येक फट बुडबुडा काढून आपले नाव सांगू लागली. जोराचा दाब द्यावयाचा झाल्यास हवेने कधी देऊ नये. हवा दाबली जाते आणि सुटली की उसळते. बॉयलरची ताकद पाहण्यासाठी मिस्त्रींनी तो पाण्याने काठोकाठ भरला आणि लहानशा हातपंपाने चाळीस पौंडांपर्यंत, म्हणजे चालविण्याच्या दुप्पट, दाब दिला. पाण्याखाली सांधा सुटला तर एक थेंब येतो आणि काटा पडतो. कोणास इजा होत नाही. बॉयलरचे डाग पक्के निघाले. मात्र ते कथिलाचे डाग आहेत, हे त्यांनी आम्हांस बजावून सांगितले. कथील व शिसे यांची झाळ १८३ अंशांच्या सुमारास वितळू लागते. स्पिरिटची ज्योत त्याहून कितीतरी प्रखर. आत पाणी आहे तोवर धातू पाण्यापेक्षा फारसा तापत नाही. पाणी संपले की झाळ पाघळते. म्हणून दिव्यात स्पिरिट असे मोजून घालावे की पाणी संपण्याच्या आत दिवा विझावा.

झाकणांच्या व नळ्यांच्या सांध्यांचे काम लवकर आटोपले. तांब्याची कडी लाल होईतो तापवून पाण्यात बुडविली की मऊ होतात आणि दोन्ही बाजूंच्या खळग्यांत बसतात. लोखंडाच्या उलट हा तांब्याचा स्वभाव. पूर्वी सूत व सफेदा लावीत, हल्ली नळवाल्याची पांढरी फीत दोन वेढे पुरते. सुरक्षा-झडपेच्या बैठकीवर खाराचा कण अडकून ती अकाली पाझरत होती. बैठक स्वच्छ करून गोळी नवी घातली, आणि स्प्रिंगला हात लावला नाही.

खरा वेळ घेतला तो सिलिंडरांनी. या जातीच्या इंजिनात सिलिंडर स्वतःच पाळण्यासारखा डोलतो. त्याच्या पाठीचे छिद्र समोरच्या सपाट पाटीवरील छिद्रांशी आळीपाळीने जुळते आणि वाफ आत-बाहेर जाते. दोन सपाट पितळा एकमेकींवर घासतात व एक स्प्रिंग त्यांस दाबून धरते. स्प्रिंग ढिली तर वाफ मधून निसटते, ताठ तर घर्षणानेच इंजिन थांबते. सिलिंडरच्या पाठीवर तेलात कालवलेल्या काजळाचा पातळ हात देऊन ती पाटीवर टेकविली, तेव्हा काजळ फक्त दोन कडांस उमटले. मध्ये पाव इंच जागा कोरीच. जाड काचेवर अतिबारीक एमरी कागद पसरून, इंग्रजी आठाच्या वळणाने, बोटाचा भार न देता आम्ही ती पाठ घासू लागलो. दहा वेळा घासावे, पुसावे, काजळ लावावे, पाहावे. अमरावतीस परतल्यावरही रात्रीची जेवणे आटोपली की हे काम चाले. पुतण्याचा हात आमच्याहून हलका. त्यानेच शेवटी चारी बाजूंस काजळ सारखे उमटविले. नंतर घासलेली भुकटी घासलेटाने धुतली. ती राहिली असती तर सारी मेहनत तिने खाल्ली असती.

राहिले ग्लँड, म्हणजे दट्ट्याचा दांडा सिलिंडरातून बाहेर येतो तेथील डबी. दांडा तर सरकता हवा आणि वाफ तर निसटू नये. यासाठी त्या डबीत डोरी भरतात. जुनी डोरी मिस्त्रींनी पाणी लावून ओली असतानाच उपसली, कारण त्या काळची डोरी पुष्कळदा अॅस्बेस्टॉसची असे आणि तिची धूळ फुप्फुसास घातक. नव्या डोरीसाठी जुन्या इंग्रजी पुस्तकात लिहिले होते: कापसाचे सूत चरबीत भिजवून भरावे. आमच्या आईने चरबीचे नाव ऐकताच स्वयंपाकघराचे दार लावून घेतले. परंतु थोड्या वेळाने तीच बाहेर आली आणि आपल्या डब्यातील समईच्या वाती पुढे ठेवून म्हणाली, "सूत पाहिजे ना? हे घ्या. वळलेले आहे, गाठ नाही. त्यांत तुमचे ते पाप घालू नका म्हणजे झाले." चरबीऐवजी इंजिनाचे जाड तेल व ग्राफाइटची पूड वापरली. पेन्सिलीचे शिसे कुटून घालू नये; त्यात माती असते आणि ती दांड्यास ओरखडते. वात तेलात भिजवून, पूड चोळून, दांड्याभोवती तीन वेढे दिले आणि नट केवळ बोटांनी फिरविला. वाफेच्या या उष्णतेस कापूस जळत नाही. ओलावा व तेल मिळून तो फुगतो आणि आपणच फट भरतो. ज्या कापसासाठी शकुंतला घातली, त्याच कापसाच्या वातीने तिच्या धाकट्या बहिणीचा श्वास राखला, ही गंमत आमच्या ध्यानात पुष्कळ मागाहून आली.

पाणी मात्र या वेळी विहिरीचे नव्हते. गेल्या पावसाळ्यात गच्चीवरून धरलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या आईकडेच निघाल्या.

कार्याच्या दिवशी औक्षण, ब्राह्मणभोजन वगैरे आटोपल्यावर उन्हे उतरली, तेव्हा अंगणात रुळांचे कडे मांडले आणि अण्णांची खुर्ची त्यापुढे ठेवली. दिवा लावला. काटा पाच पौंडांवर आला, दहावर आला, पंधरापाशी झडप किंचित कुजबुजली. पुतण्याने चाकास बोट लावले. इंजिनाने खोकला काढला आणि दोन्ही अंगांस गरम पाण्याचे शिंतोडे उडविले. "गळते आहे! काका, परत गळते आहे!" म्हणून मुलांनी गिल्ला केला, आणि खरे सांगावयाचे तर आमच्याही पोटात गोळा आला. अण्णा खुर्चीतून पुढे वाकले. "ओरडू नका," ते म्हणाले. "पाणी टाकते आहे ते. थंड आहे अजून. मूर्तिजापूरला रोज असेच करायचे. थांबा." चार फेरे त्याने तसेच शिंतोडे उडवीत काढले, पाचव्यास ते कोरडे झाले, आवाज बदलला, आणि मग स्पिरिट संपेतो, अकरा मिनिटे, ते फिरत राहिले. अण्णा प्रत्येक वेळी ते समोरून गेले की अचलपूरच्या फाट्यावरील एकेक स्थानकाचे नाव घेत होते.

शिट्टीच्या बुडाशी अजून एक थेंब येतो. तेथील आटे झिजले आहेत. मिस्त्रींनी मापाचे तांब्याचे कडे कापून पाठविले आहे, आणि ते बसविण्यासाठी पुतण्या दिवाळीच्या सुटीची वाट पाहत आहे.